बिरड्यावरचा आळ

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे: ह्यांना वाल बाधतात. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी माझ्या पानावरून वालाची वाटी उचलून नेतं. शेजारीण बिरडं करते तेव्हा आमच्या दारावरून पुढे जाते. विहीणबाई तर आपल्या ओळखीच्या बायकांना माझं उदाहरण देतात म्हणे. ही गोष्ट खोटी आहे. ती मीच एका दुपारी भरल्या पंगतीत सांगितली, आणि तिची शिक्षा माझ्या बायकोला झाली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे. बाकीच्यांसाठी हे लिहून ठेवतो.

आम्ही रोह्याचे म्हणून ओळखले जातो, पण राहतो पूल ओलांडून, अष्टमीत. मी कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालो. ही पेणच्या आतल्या बाजूच्या गावची. तिच्या माहेरी भात कापून झालं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर, वाल टाकतात. फाल्गुनात ते झोडून घरात आले की पहिल्यांदा बहिणींचा वाटा बाजूला काढायचा, मग बाकीचे घरात ठेवायचे किंवा विकायचे, अशी तिथली रीत. तिचे वडील होते तोवर ते आणायचे, त्यांच्यानंतर भाऊ. पिशवी कोणाच्या हाती पाठवायची नाही. भावाने स्वतः यायचं आणि बहिणीच्या पदरात घालायची.

त्या वालांचं ती बिरडं करायची. वाल भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. बोटांत धरून जरा दाबलं की सालातून दाणा टुणकन उडतो. लहानपणी मुलगा ते उडणारे दाणे पकडायला बसायचा. मग ओलं खोबरं, आमसूल, गुळाचा खडा. हिच्या बिरड्याला आमच्या आळीत नाव होतं. कोणाकडे कार्य असलं की वाल भिजवायच्या आधी बायका हिला विचारायला यायच्या.

आता माझ्या पोटाकडे येतो.

सत्तरी ओलांडल्यावर मला जमिनीवरून उठणं जड जाऊ लागलं. पाटावर जेवायला बसलो की उठताना हात टेकावा लागे. मांड्या वाळल्या होत्या. माझा थोरला भाऊ असाच सुकत गेला, मग पडला आणि शेवटपर्यंत अंथरुणावरच राहिला. त्याला उचलून कुशीवर वळवणाऱ्यांत मी होतो. त्यामुळे आरशात माझे पाय दिसले की मला त्याचेच पाय आठवत.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, "काका, या वयात स्नायू झिजतात. तुमचं वजन जितके किलो, साधारण तितके ग्रॅम प्रथिनं दिवसभरात पोटात जायला हवीत. तुमच्या किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून सांगतेय. पण एकदम नाही हं. सकाळ, दुपार, रात्र असं वाटून घ्या, हळूहळू वाढवा. पालेभाजी आणि पाणी सोडू नका, नाहीतर आतडी कुरकुर करतील."

यातलं पहिलं वाक्य मी घरी घेऊन आलो. बाकीची तिथेच राहिली.

मुलाने पुण्याहून प्रथिनांच्या पावडरचा मोठा डबा पाठवला. फोनवर बजावलं, "बाबा, दिवसातून एकच चमचा. जास्त नको." मी म्हटलं एकाने इतकं होतं तर दोनाने किती होईल. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन, दोन्ही वेळा दुधात. शिवाय उकडलेली अंडी. पोटात जागा राहावी म्हणून भाजी आणि भात कमी केला. रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीही कमी केलं. आठवड्याभरात माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. सकाळी संडासात बसून राहायचो आणि बाहेर ही विचारायची, "अहो, झोपलात का आत?" सुटीला आलेला नातू माझ्या मांडीवर बसायला यायचा तो नाक धरून पळायचा. पुलावर फिरायला जाणाऱ्या मंडळींत मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालू लागलो.

पण चमचा कमी केला नाही. पाय भरतायत असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं सोडवत नव्हतं.

श्रावणातला एक रविवार. मुलगा, सून, नातू आणि सुनेचे आईवडील जेवायला आले होते. हिने तीन दिवस आधीपासून बिरड्याची तयारी केली होती. विहीणबाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, "अहो, हे आम्हाला का जमत नाही?" ही हसली, वाढायला वाकली, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या पोटात कळ आली. मी घास टाकून उठलो. बराच वेळ आत होतो. बाहेर आलो तेव्हा सगळे हात थांबवून माझ्याकडे पाहत होते.

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

मुलगा समोर होता. चार चमच्यांचं सांगितलं असतं तर त्याने सगळ्यांदेखत माझी शाळा घेतली असती. म्हातारा पहिलवान व्हायला निघालाय, असं व्याही मनात म्हणाले असते. हे सगळं मी तेव्हा असं सुटं सुटं विचारात घेतलं नाही. तोंडून एवढंच आलं, "हिचं बिरडं. वाल गेले पोटात की माझं असंच होतं. हजारदा सांगितलं हिला."

मी एकदाही सांगितलेलं नव्हतं.

मुलगा आईवर चिडला. "आई, बाबांचं वय बघ ना जरा. कशाला करतेस वाल?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला. ती बिरड्याचं पातेलं आत घेऊन गेली आणि येताना वरणाचं भांडं घेऊन आली.

त्या संध्याकाळी मी घाबरून पावडर बंद केली. उरलेला डबा मागच्या बाजूला कचऱ्यात टाकला, पुन्हा भाजी खाऊ लागलो, पाणी पिऊ लागलो. काही दिवसांत पोट ताळ्यावर आलं. आणि घरात बिरडंही त्याच दिवशी बंद झालं होतं. मग काय, पुरावाच मिळाला. मुलगा फोनवर म्हणाला, "बघा, वाल सोडले आणि सुटलात." मी नुसतं हुं केलं. खोटं बोलायला मला परत तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. ते आपोआप खरं ठरलं.

फाल्गुन आला. एके सकाळी ती फोनवर भावाशी बोलताना मी ऐकलं. "अरे, यंदा वाल नको आणूस. ह्यांना सोसत नाहीत." पलीकडून तो काय बोलला ते कळलं नाही. फोन ठेवून ती ओट्याशी गेली. मी पेपर उलटा धरला होता की सुलटा, मला आठवत नाही. त्यानंतर भावाचा फोन कमी झाला. दिवाळीत भाऊबीजेला आला तो चहा घेऊन लगेच निघाला.

त्या हिवाळ्यात तिची ताकद ओसरू लागली. कुकर उचलताना दोन्ही हात लावायची. बाजारातून येताना पुलाच्या अलीकडे एका दुकानाच्या पायरीवर बसायची. मी म्हणायचो, "वय झालं आता." एक दिवस ती त्या पायरीवरून उठलीच नाही. दुकानदाराने मला बोलावून घेतलं. मी तिला रिक्षात घालून त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रक्त तपासलं, वजन केलं. मग बाईंनी मला विचारलं, "काकी दिवसभरात काय खातात?"

साधा प्रश्न. मी सुरुवात केली, "सकाळी चहा. चहाबरोबर..." आणि अडलो. पन्नास वर्षं आम्ही एका घरात जेवतोय. माझ्या पानात किती ग्रॅम पडतात ते मी तोंडपाठ सांगू शकलो असतो. ती माझ्यानंतर जेवते. ती काय जेवते ते मी पाहिलंच नव्हतं.

"मीच सांगते," ती म्हणाली. "सकाळी चहा-चपाती. दुपारी भात, आमटी असली तर आमटी. रात्री भाकरी, भाजी."

"मासे, अंडी?"

"अंड्याचा वास मला नको होतो. मासे वाराला नसतात. असले तर तुकड्या ह्यांना नि पाहुण्यांना, मला रस्सा पुरतो."

"कडधान्यं?"

"बिरडं व्हायचं पूर्वी. मला ते फार लागायचं, उरलेलं सकाळी भाकरीबरोबर खायचे. आता करत नाही. ह्यांना बाधतं."

बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं. तोपर्यंत मी अशी समजूत करून घेतली होती की तिला सगळं माहीत आहे आणि ती मला सांभाळून घेते आहे.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "मोड आणून, सोलून, नीट शिजवलेले वाल? त्याने सहसा इतका त्रास होत नाही. पण ठीक आहे. मग मूग करा, मटकी करा, दही घ्या. काकांना जितकी प्रथिनं लागतात तितकीच तुम्हालाही लागतात, काकी. वजनाप्रमाणे. तुमच्या पोटात ती जातच नाहीयेत. आणि तुमचं पोट साफ होत नाही म्हणता, त्यालाही हेच. नुसता भात आणि चहा, मोडाचं काही नाही, पालाभाजी नाही, तर आतडी तरी कशावर चालणार?"

"एकटीसाठी कुठे वेगळं शिजवू?" ही म्हणाली.

तिथे बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. औषधं घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जमिनीवर पाय पसरून गवारीच्या शेंगा मोडत होती. मी समोर खुर्चीत बसलो.

"तुला एक सांगायचंय."

"सांगा ना. तोंड का असं केलंय?"

"वालांनी माझं पोट कधीच बिघडलं नव्हतं."

तिचे हात चालूच होते. "मग कशाने?"

"त्या पावडरीने. मी दुपटीने, चौपटीने घ्यायचो. भाजी सोडली होती. पाणी पीत नव्हतो."

"तरीच तो डबा एवढा लवकर खाली जायचा! मला वाटायचं मुंग्या लागल्या म्हणून टाकून देता." ती जरा हसलीसुद्धा. मग हात थांबले. "म्हणजे माझं बिरडं चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग शेंगांकडे बघतच म्हणाली, "मी इतके दिवस मनात म्हणते, हात गेला माझा. मोड नीट येत नसतील, कुठे कच्चं राहत असेल. म्हातारी झाले, आता माझ्या हातचं खाऊन माणसं आजारी पडायला लागली. म्हणून तर कोणाकडे कार्याला हात लावत नाही मी हल्ली."

मला हे माहीत नव्हतं. बायका विचारायला येत नाहीत एवढंच दिसत होतं, मला वाटलं जमाना बदलला.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"मला नका सांगू!" आता ती तापली. "माझ्या भावाने बाजूला काढलेला वाटा नको म्हटला मी. तुमच्यापायी. जायचं तिकडे, नि सांगायचं. मी येणार नाही बरोबर. एकट्याने जायचं."

"जातो."

"उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पेणला उतरलो. पुढे हमरापूरच्या बाजूला जाणाऱ्या टेम्पोत जागा मिळाली. मागे प्लॅस्टरच्या गोण्या, माझ्या पायाशी गुंडाळलेले गणपतीचे रबरी साचे. फाट्यावर उतरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना वाल हिरवेगार उभे होते, शेंगा भरू लागल्या होत्या. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. अंगणात पाय ठेवला आणि ते सगळं विसरलो.

मेहुणा खाटेवर बसून दोर वळत होता. माझ्याहून लहान, पण आता तोही पिकला आहे.

"या भाऊजी. वाट चुकलाव व्हय?"

"नाही. तुमच्याकडेच आलो."

त्याची बायको दारात आली. "एकटंच? वन्स नाय आल्या?"

"तायला भ्या वाटला असल, आमी यांना वाल वाढू," मेहुणा म्हणाला. दोरावरून नजर काढली नाही.

मी उभ्यानेच सांगून टाकलं. पावडर, चमचे, पंगत, मी काय बोललो, हिने का कळवलं. मधे कुठे थांबलो असतो तर पुढचं गिळून टाकलं असतं. माझं झालं तेव्हा दोर वळायचा थांबला होता.

"म्हंजे पावडर खाल्ली तुमी, आन फाशी वालाला?"

"हो."

"वरीस काढला भाऊजी आमी. हिला वाटं, आपनच कायतरी बोलली असल वन्संना. मना वाटं, बापूस गेला तवा माजा कायतरी चुकला असल. ताय काय सांगं नाय, मी काय विचारं नाय." त्याने तोंड वळवलं. "येवडासा पोट तुमचा, नि केवडा घोळ."

मी खाली बघत राहिलो. त्याच्या बायकोनेच मला सोडवलं. ती म्हणाली, "आता बसा, जेवा. आज आमच्याकडं बिरडाच हाय. बघूया ना, दुकतंय काय पोट."

मला पाटावर बसवलं. सगळं घर जेवणं सोडून माझ्यासमोर उभं राहिलं. दोन सुना, मेहुणा, शेजारची एक म्हातारीही आली. मी खात होतो आणि ते माझ्या पोटाकडे बघत होते.

"वाढू अजून?"

"वाढा."

"का तुमचा तो डब्यातला चमचा आणलाव?" मेहुणा म्हणाला, आणि शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून हसू लागली. मग सगळेच हसले. मीही हसलो. उठताना हात टेकावा लागला, तो मेहुण्याने धरला.

त्यानेच मला मुलाला फोन लावायला सांगितला, तोही स्पीकरवर. मुलाने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मग मी त्या दिवशी आईला जे बोललो..."

"उगाच बोललास. माझ्यामुळे."

"ठेवतो," तो म्हणाला. "आईला लावतो."

निघताना मी वालांचं विचारलं. नव्यांना अजून अवकाश होता, पण मेहुण्याने माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून दाखवला. गेल्या वर्षीचा बहिणीचा वाटा. नको म्हटल्यावर त्याने तो ना विकला होता, ना घरात खाल्ला होता. राखेत घोळवून ठेवून दिला होता. मी हात पुढे केला तर त्याने झाकण लावलं. "तुमच्या हातात नाय देणार. भैणीचा हाय. मी येन घेऊन."

त्यानंतर दोनच दिवसांनी तो आला. ही दारातच उभी होती. पदर पुढे केला, त्याने वाल ओतले. तिने ते सुपात घेतले, राख पाखडली, बोटांनी चाळून पाहिले.

"कीड नाय हां एक," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"जेवायला काय केलंस?"

"भात नि आमटी. आजच कळवलंस नि आलास. भिजत घातले, मोड आणले, सोलले म्हणजे तिसऱ्या दिवशी बिरडं."

"मंग र्‍हातो तिसऱ्या दिवसापतूर."

"नि घरचं कोण बघेल?"

"हाय ना तुजी वहिनी."

लग्नानंतर एवढ्या वर्षांत तो आमच्याकडे कधी मुक्कामाला राहिला नव्हता. ते तीन दिवस दोघं भावंडं सारखी बोलत होती, मी बरेचदा बाहेर जाऊन बसलो. सोलायला मात्र मला बोलावलं. माझ्या बोटांतून दाणे जमिनीवर उडत होते आणि ही म्हणत होती, "ह्यांना ग्रॅम कळतात फक्त."

आता आम्ही एका वेळी जेवतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं रोज दोन्ही वेळेला काही ना काही मोडाचं किंवा डाळीचं, दुपारी दही, आणि मासळी असेल तेव्हा तुकडी दोघांना सारखी. माझंही तेवढ्यावर नीट चाललं आहे. पोट तक्रार करत नाही. हिची ताकद यायला वेळ लागतो आहे, गेलेली सगळी येईलच असं बाईंनी सांगितलेलं नाही. ती बाजारात जाते, पायरीशी थांबते, पण बसत नाही.

तिसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. तिघांची पानं एकदम मांडली. तिने आधी भावाला वाढलं, मग मला. स्वतःच्या पानाशी आली तेव्हा भावाने तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि तिची वाटी काठोकाठ भरली.

"बास रे."

"गप जेव गो."

ती जेवू लागली. मी सवयीने तिच्या पानातले ग्रॅम मोजायला लागलो आणि सोडून दिलं. पहिली वाटी संपवून ती भावाला म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

"नाय पडला."

"नाही पडलेलं," मीही म्हणालो.

"तुम्हाला कोणी विचारलं?" ती म्हणाली, आणि वाटी परत पुढे केली.